काटा खाली येईपर्यंत

आनंदा दाजी आमच्या दारात पहिल्यांदा आले ते माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला बघायला. आले, पण बराच वेळ घरात काही आले नाहीत.

कबनूरचं आमचं घर म्हणजे पुढे दोन खोल्या आणि मागच्या भिंतीला लागून यंत्रमागाचा कारखाना. बाबा तिथेच माग चालवायचे. घरात बोलायचं तर ओरडूनच बोलायचं, अशी आम्हा सगळ्यांना सवय. पाहुणे आले ते पिकअपमधून. मागच्या हौद्यात सतरंजी टाकून बसलेली वडीलधारी माणसं एकेक करून उतरली, पाय धुऊन आत येऊन बसली. गाडी मात्र दारात तशीच धडधडत राहिली आणि नवरामुलगा स्टेअरिंगवर हात ठेवून आतच. पोहे तयार झाले, चहाला आधण आलं. बाबा दोनदा दारापर्यंत जाऊन आले. शेवटी त्यांनी पाहुण्यांना विचारलंच, "पोरगा लाजतोय व्हय?"

दाजींचे चुलते मोठ्यानं हसले. "लाजतंय कशाचं? गाडी गार कराय लागलंय. तुम्ही पोहे आना."

मी तेव्हा शाळेत होते. आईनं माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि मला बाहेर पिटाळलं. मी गाडीच्या खिडकीशी जाऊन म्हटलं, "पाणी घ्या. आणि गाडी बंद करा की. सगळे खोळंबलेत."

त्यांनी पाणी घेतलं. गाडी बंद केली नाही.

"तू शाळंतनं पळत घरला आलीस, तर लगेच आडवी हुतीस व्हय गं?"

"नाही."

"मग? जरा हिकडं तिकडं फिरतीस, दम खातीस. हिलाबी दम खाऊ दे की. भार घिऊन आलीया." मग घराकडे बघत आवाज खाली आणून म्हणाले, "आमचा चुलता बघितलास न्हवं? त्यो एकटाच अर्धा टन हाय."

मी आत आले आणि अक्काच्या कानात सांगितलं, "माणूस चांगला आहे. जरा येडा आहे." अक्कानं होकार दिला तो कुणाच्या सांगण्यावरून, हे मी तिला कधी विचारलं नाही. माझ्याच सांगण्यावरून, असं मी आजवर धरून चालले आहे.

दाजींचं घर कोल्हापुरात, फुलेवाडीच्या पुढं, गगनबावड्याच्या रस्त्याला. धंदा पिकअपचा. कोल्हापुरातून भाजी भरून घाट उतरायचा, कोकणात माल टाकायचा आणि येताना जांभ्या दगडाचे कापलेले चिरे भरून घाट चढायचा. खाली जाताना हलका माल, वर येताना दगड. "आमची गाडी उताराला भाजी खाती आनि चढाला दगूड," असं ते म्हणायचे आणि आपणच हसायचे. त्यांचे सगळे शर्ट पाठीकडून तांबूस झालेले असायचे. तो रंग अक्कानं कितीही घासला तरी निघाला नाही.

दहावी झाल्यावर मला पुढे शिकायचं होतं. बाबा तयार नव्हते. दाजी मुद्दाम गाडी वळवून कबनूरला आले. गाडी गार करून आत आले आणि म्हणाले, "मामा, पोरगी हुशार हाय. हितं मागाच्या आवाजात तिचं डोस्कं बधिर करायचं हाय का? आमच्यात राहील. खोली हाय, रस्ता हाय, बस हाय. आनि काय पायजे?"

बाबा म्हणाले, "लोकं काय म्हणतील? थोरलीच्या सासरी धाकटी."

"लोकं म्हणंनात. लोकं बावड्याच्या घाटात गाडी ढकलाय येत्यात व्हय?"

अशी मी त्यांच्या घरी आले आणि बी.एस्सी. होईपर्यंत राहिले. आमच्या दोन्ही घराण्यांत पदवी घेतलेली मी पहिली. हे मी मिरवते. न मिरवण्यासारखं त्यात मला काही दिसत नाही. दाजी माझ्याहून जास्त मिरवायचे. अकरावीलाच त्यांनी मला 'मास्तरीण' करून टाकलं होतं. अक्काला मूल झालं नाही. हे इथं एकदाच लिहिते. त्यावरून त्या घरात कुणी कुणाला टोचून बोललेलं मी ऐकलं नाही. घरात माणसं तीन आणि दारात चौथी गाडी, असा तो संसार होता.

त्या घराला एक नियम होता. गाडी दारात येऊन इंजिन चालू असेपर्यंत कुणी दाजींकडे जायचं नाही. दाजींनी तो घातला नव्हता, अक्कानं घातला होता. "घाट अजून अंगात असतोय त्यांच्या," ती म्हणायची. "उतरू दे. मग माणसात येतात." ते स्टेअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसायचे. गाडी आल्याचा आवाज झाला, की अक्का पहिली भाकरी तव्यावर टाकायची. इंजिन बंद व्हायला आणि भाकरी फुगायला गाठ पडायची. इंजिन थांबलं, की मी ताट वाढायला घ्यायची. वर्षानुवर्षं त्या घरात जेवणाची वेळ घड्याळानं नाही, त्या आवाजानं ठरली.

मी कॉलेजात असताना त्यांचं एक इंजिन गेलं. उन्हाळ्याचे दिवस, गाडीत नेहमीपेक्षा जास्त चिरे, आणि घाटातल्या वरच्या वळणावर गाडी जागेवर जाम झाली. समोरच्या डॅशबोर्डवर इंजिनातल्या पाण्याच्या तापमानाचा काटा मधोमध होता, म्हणजे सगळं ठीक असल्याचं सांगत होता. आत तेल तापून पाण्यासारखं पातळ झालं होतं आणि लोखंडावर लोखंड घासत होतं. गाडी ओढून आणली आणि दाजी दोन दिवस बॉनेट उघडून बसले. शेवटी एवढंच म्हणाले, "पाण्याचा काटा म्हंजे तोंडावरचं हसू. पोटातलं तेलाला म्हाईत."

मग उद्यमनगरातल्या एका फिटर मित्राला गाठून त्यांनी तेलाच्या चेंबरला तापमान मोजणारा काटा बसवून घेतला. अशा पिकअपला तो कंपनीकडून येत नाही. वाटोळी काळी तबकडी, पांढरे आकडे, स्टेअरिंगच्या बाजूला पट्टीनं आवळलेली. त्या संध्याकाळी ते मला म्हणाले, "मेव्हणी, तुझा त्यो नखाचा रंग आन."

मी नेलपॉलिश नुकतीच लावायला शिकले होते. म्हटलं, "कशाला? लावता काय?"

"मला न्हाय. हिला."

माझ्याकडे लाल आणि गुलाबी अशा दोन बाटल्या होत्या. काचेवर नव्वदच्या जरा वर त्यांनी गुलाबी ठिपका दिला, एकशे तीसवर लाल. हात थरथरू नये म्हणून श्वास रोखून धरला होता. ठिपके वाळेपर्यंत त्यावर फुंकर घालत बसले.

"ह्ये गुलाबी. घरात आलं, की काटा हितं आल्याबिगर चावी फिरवायची न्हाय. ह्ये लाल. हितं गेला, की आसंल तितं गाडी कडंला घ्यायची, मागं देव जरी बसला आसला तरी. आनि मधलं सगळं चढाचं. मधल्याची काळजी करायची न्हाय."

खरं सांगायचं तर गुलाबी ठिपक्याला फारसा आधार नव्हता. त्यांचा फिटर मित्रही सांगायचा, सपाटीवरून एवढं अंतर चालून आल्यावर दोन मिनिटं इंजिन चालू ठेवलं तरी पुरे. मीही पुस्तकातलं वाचून दाखवलं. दाजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "शास्त्र तुझं, गाडी माझी." काटा ठिपक्याला टेकेपर्यंत ते उतरायचे नाहीत ते नाहीतच.

एका सुट्टीत ते मला आणि अक्काला कोकणात घेऊन गेले. जाताना मजा आली. येताना मागं चिरे. घाट सुरू झाला, गाडी दुसऱ्या गिअरवर कण्हायला लागली आणि तो काटा वर सरकायला लागला. शंभर ओलांडलं तशी अक्कानं माझा दंड धरला.

"अहो, थांबवा. शंभरच्या वर गेला. उकळंल आता."

"उकळतंय काय," दाजी रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले. "मास्तरीण, सांग की तुझ्या अक्काला."

मी सांगितलं. शंभरला पाणी उकळतं, तेल नाही. भार घेऊन चढ चढताना तेल शंभर, एकशे दहा, कधी त्याच्या वरही जातं, आणि ते जायलाच हवं. पाणी बाहेरच्या भिंती गार ठेवतं. आतल्या फिरत्या भागांची उष्णता तेल आपल्या अंगावर घेतं. उलट तेल कधी नीट तापलंच नाही, तर त्यात साचलेला पाण्याचा अंश उडून जात नाही आणि तेल खराब होतं. तापणं हे बिघडणं नव्हे.

दाजींनी गाडी एकदम हळू केली. मला वाटलं काही झालं. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "म्हंजे मी डोळ्यानं बघत आलोय ते ह्ये हाय व्हय? आगं, मग आदी सांगायचंस की!"

गगनबावड्याला चहाच्या टपरीवर त्यांनी गाडी थांबवली. गाडी गार केली. मग पाच-सहा ड्रायव्हर बसले होते त्यांच्यासमोर मला उभं केलं.

"ही आमची मेव्हणी. बी.एस्सी. करती. सांग गं ह्यास्नी तेलाचं."

मला लाज वाटली, पण सांगितलं. सगळे गंभीरपणे चहा पीत ऐकत होते. एक जाडजूड ड्रायव्हर म्हणाला, "पावणीबाई, तुमचं सगळं खरं. पर माझी गाडी तापली, की मी तिला शिव्या देतो. गार हुती."

दुसरा म्हणाला, "तुझ्या शिव्या ऐकून कोन बी गारच पडंल. वैनी म्हायेरला उगंच गेली व्हय?"

टपरी हसून आडवी झाली. दाजी हसले नाहीत. त्यांना शेवट सांगायचा राहिला होता. "आनि एक ध्येनात ठेवा. चढाला तापतंय त्याचं काय न्हाय. भार उतरल्यावर, सपाटीला लागल्यावर काटा खाली येतोय का, ते बघायचं. न्हाय आला, तर मग समजायचं, आत कायतरी झालंय." त्या दिवसापासून घाटातले ड्रायव्हर मला 'तेलवाली बाई' म्हणायला लागले. दाजींना त्याचा केवढा अभिमान!

माझ्या पदवीदान समारंभाला मात्र या माणसानं मला रडवलं. आई-बाबा कबनूरहून आले होते, अक्का नवी साडी नेसून पहिल्या घंटेपासून बसली होती. दाजी घाटातून थेट येणार होते. माझं नाव पुकारलं, मी वर गेले, पदवी घेतली, खाली आले. दाजींची खुर्ची रिकामी. बाहेर येऊन बघते, तर रस्त्याच्या कडेला झाडाखाली चिऱ्यांनी भरलेली पिकअप धडधडतेय आणि आत दाजी काट्याकडे बघत बसलेत.

मी घरचा नियम मोडला. खिडकीशी जाऊन ओरडले, "आज तरी! आज एक दिवस गाडी तापली असती तर काय बिघडलं असतं?"

त्यांचा चेहरा पडला. "झालं व्हय गं?"

"झालं."

ते उतरले. पाठीला तांबडी धूळ, हातात पेढ्यांचा पुडा, तोही बोटांनी तांबडा झालेला. पुडा त्यांनी बॉनेटवर ठेवला. मग म्हणाले, "त्यो काळा झगा हाय न्हवं आजून? घाल. माझ्याम्होरं परत घे पदवी." आणि खरोखर गाडीच्या बॉनेटसमोर उभं राहून, डोक्याला रुमाल बांधून, त्यांनी भेंडोळं दोन्ही हातांनी माझ्या हातात दिलं. बाबांनी टाळ्या वाजवल्या. रस्त्यावरच्या रिक्षावाल्यानंही वाजवल्या. माझ्याकडे पदवीचा म्हणून जो फोटो आहे तो हाच. त्यात मी अजून रागातच आहे आणि दाजी असे ताठ उभे आहेत, जणू त्यांनीच विद्यापीठ काढलंय.

मी पुढे वारणानगरच्या बाजूला एका शाळेत विज्ञान शिकवायला लागले. म्हणजे दाजींनी आधीच ठरवल्याप्रमाणे मास्तरीण झाले. रविवारी फुलेवाडीला जायचं, हा रिवाज मात्र सुटला नाही.

दाजी थकायला लागले ते आधी अक्काला दिसलं. एखादा दिवस घरी थांबा म्हटलं, की ते शेजारच्या पिकअपचं उदाहरण द्यायचे. ती गाडी बाजारापर्यंत जायची आणि यायची, घाट तिनं कधी बघितलाच नाही. तेलाचं झाकण उघडलं, की आत दुधासारखी पांढरी साय धरलेली. "बघ," दाजी म्हणायचे, "आराम करून करून तेलाचं दूध झालं. मला बी तसं करतीस व्हय? तुझी भनच सांगती, तापाय पायजे म्हनून." मी सांगितलेलं विज्ञान असं उलटून अक्काच्या अंगावर यायचं.

गेल्या हिवाळ्यात मी स्वतः बघितलं. गाडी गार करून ते आत आले, जेवले, ओट्यावर पाय पसरून बसले. थंडीचे दिवस असूनही कपाळावर घाम. डावा खांदा चोळत होते.

"काय होतंय, दाजी?"

"काय न्हाय. चढाला हाय म्हटल्यावर तापनारच."

पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या आठवड्यात शाळेला सुट्टी म्हणून मी शुक्रवारीच गेले, तर जबडा दुखतोय म्हणाले, अक्कलदाढ असंल म्हणाले. अक्का आतून माझ्याकडे बघत होती. तिला जे बोलायचं होतं ते तिनं बोलून बघितलं होतं. आता पाळी माझी होती. मी त्यांच्यासमोर जाऊन बसले.

"दाजी, तुमचाच नियम मला सांगा. भार असताना काटा चढला, तर?"

"चढू दे."

"भार उतरला, सपाटी आली, मग?"

"उतराय पायजे."

"आणि नाही उतरला, तर?"

त्यांनी परत खांदा चोळायला घेतला.

"चिरे सकाळीच उतरवलेत तुम्ही. जेवलात, बसलात, अक्कानं वारा घातला. तरी घाम निथळतोय. आता कुठला चढ आहे, सांगा ना. कुठं आहे घाट इथं?"

त्यांनी दारातल्या गाडीकडे बघितलं. मग खांद्यावरचा हात काढला आणि म्हणाले, "मास्तरीण झालीस गं खरी." आवाजात थट्टा नव्हती. त्यांना पटलं होतं. मी त्यांच्याशी आयुष्यभर वाद घातले आणि ते कधी हरले नाहीत. त्या दिवशी हरले, आणि त्यांना ते बरं वाटलं असावं, असं मला दिसलं. अक्का आतून चहा घेऊन आली तेव्हा ते तिला म्हणाले, "तुझी भन मला डाक्टराकडं घिऊन चाललीया. जाऊ सोमवारी."

"उद्याच जाऊ," मी म्हटलं.

"येवढी एक खेप करतो. मानसाचं घर आडलंय गं चिऱ्यासाठनं, गवंडी बसून हायेत. शब्द दिलाय. आयतवारी दुपारी माघारी, सोमवारी सकाळी तू म्हनशील तितं. तू पायजेस पर संगट. त्ये डाक्टर काय बोलंल ते मला कळायचं न्हाय. तू सांगायचंस, तेलाचं सांगितलंस तसं."

मी भांडले. अक्काही भांडली. पण तो माणूस डॉक्टरकडे जायला निघाला होता, हेच आम्हाला एवढं मोठं वाटलं, की आम्ही त्या एका खेपेपुढे नमलो. मी सोमवारची रजा टाकली. अक्कानं त्यांचा तांबूस नसलेला एकमेव शर्ट इस्त्री करून खुंटीला लावला.

रविवारी मी सकाळीच फुलेवाडीला पोचले. दुपारी घाटावरून त्यांचा फोन आला. टपरीवर होते. मागं ड्रायव्हरांचा गलका ऐकू येत होता. "आलोच," म्हणाले. "तुझ्या अक्काला सांग, आमटी जरा झणझणीत कर. सोमवारपास्नं डाक्टर काय खाऊ देतोय आनि काय न्हाय." फोन ठेवता ठेवता म्हणाले, "काटा बराबर हाय गं. काळजी करू नगा."

ऊन कलायला लागलं आणि गाडी दारात आली. नेहमीचा आखूड हॉर्न वाजला. अक्कानं तवा चढवला. इंजिन धडधडत राहिलं.

मी चुलीशेजारी पाटावर बसले होते आणि डॉक्टरांना काय काय सांगायचं याची मनात जुळवाजुळव करत होते. घाम कधीपासून, खांदा कोणता, जबडा कधी. अक्का भाकऱ्या थापत होती. खूप दिवसांनी तिचा चेहरा मोकळा होता. "डॉक्टरनं घाट बंद कर म्हणून सांगितलं, तर बरंच होईल," ती म्हणाली. "कोल्हापुरातल्या कोल्हापुरात धंदा करतील. संध्याकाळी घरी."

"तेलाचं दूध होईल म्हणतील," मी म्हटलं.

आम्ही दोघी हसलो. इंजिन चालू होतं.

पहिली भाकरी फुगली, उतरली. दुसरी झाली. तिसरी थापून झाली. बाहेरचा तो एकसुरी आवाज आम्हाला इतका सवयीचा, की तो चालू आहे म्हणजे सगळं ठीक आहे, असंच आमच्या कानांना माहीत. जोवर तो चालू, तोवर दाजींच्या अंगातून घाट उतरतोय. जोवर तो चालू, तोवर कुणी बाहेर जायचं नाही.

अक्काचा हात पिठात थांबला. "आज जरा लईच वेळ लागलाय न्हवं?"

"चिरे जास्त भरले असतील," मी म्हटलं.

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. चौथी थापायला घेतली नाही. हात तसेच पिठाचे, ती उठली आणि बाहेर गेली. तो नियम तिनंच घातला होता आणि तिनं तो मोडलेला मी पहिल्यांदाच बघितलं.

मी कान देऊन बसले. बोलण्याचा आवाज आला नाही. ओरडण्याचा आला नाही. थोड्या वेळानं इंजिन बंद झालं.

मला हायसं वाटलं. मी ताट घेतलं. पहिली भाकरी खाली सरकवून गरम भाकरी वर ठेवली. वाटीत आमटी वाढली, कांदा फोडून ठेवला, कडेला मीठ. त्यांना आल्या आल्या पाणी लागायचं म्हणून तांब्या भरला. मग दाराकडे बघत उभी राहिले. पावलं वाजेनात. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास सुटला तेव्हा मी ती खाली घेतली आणि तांब्या तसाच हातात धरून बाहेर गेले.

गाडी रोजच्यासारखी भिंतीला नीट धरून लावलेली होती. हँडब्रेक ओढलेला. खिडकीची काच खाली. दाजी स्टेअरिंगवर हात ठेवून बसले होते, मान जराशी पुढे, काट्याकडे बघत असल्यासारखी. पलीकडच्या दारातून अक्का आत अर्धी वाकलेली. एक हात त्यांच्या खांद्यावर, डाव्या, आणि दुसऱ्या हातात गाडीची चावी. चावीला पीठ लागलं होतं.

मी खिडकीशी तांब्या घेऊन उभी राहिले.

अक्का माझ्याकडे बघत नव्हती. ती त्या तबकडीकडे बघत होती.

"काटा कवाच गुलाबीच्या खाली आलता गं," ती म्हणाली. "गाडी कवाच गार झालती."